डिकीत डॉक्टरमामांच्या दुनळ्या

स्कॉटलंडहून आल्यावर भेटेल तो विचारायचा, "तिथलं लॉख, ते मोठं तळं, पाहिलंत का? किल्ले पाहिलेत का? एडिंबरा कसं वाटलं?" यातलं मी काहीही पाहिलं नाही. मी पाहिला तो माझ्याच गाडीचा टप. दोन्ही हात त्याच्यावर पसरून, यॉर्कशायरच्या वाऱ्यात, चांगली वीस मिनिटं पाहिला. त्याच्यावर कुठल्या कोपऱ्यात पक्ष्यांनी काय करून ठेवलंय ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. ज्यांना स्कॉटलंडच्या निसर्गाबद्दल वाचायचंय त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. थोडा निसर्ग माझ्याही वाट्याला आला, पण तो बराच पुढे येईल.

गोष्ट दोन हजार सहा सालची. माझे मामा, ज्यांना सगळं वॉटफर्ड डॉक्टर म्हणायचं आणि आम्ही डॉक्टरमामा, ते त्या वर्षी वारले. साठच्या दशकात पुण्याहून आले तेव्हा त्यांना पहिली नोकरी मिळाली स्कॉटलंडच्या सीमेवरच्या एका खेड्यात. तिथे अ‍ॅलिस्टर नावाच्या शेतकऱ्याशी मैत्री जमली आणि त्याच्याकडून मामा बंदूक चालवायला शिकले. जीव मारायचा नाही. मातीच्या तबकड्या यंत्रानं हवेत उडवायच्या आणि त्या फोडायच्या, असा तो खेळ. पुढे मामा वॉटफर्डला स्थायिक झाले, पण दर वर्षी शरदात आठवडाभर अ‍ॅलिस्टरकडे जाणं त्यांनी चुकवलं नाही. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की माझ्या दोन्ही दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, अ‍ॅलिस्टरला द्याव्यात. आणि हे काम कुणी करावं, तर मंजिरीनं. म्हणजे मी.

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. मी ब्रॅकनेलमध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. माझ्या लेखी बंदूक म्हणजे नागपुरात आमच्या बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनच्या मांडीवर असते ती. पण मामांचा मुलगा निखिल, जन्मानं आणि स्वभावानं वॉटफर्डचा, त्यानं आधीच हात वर केले होते.

"मंजिरीताई, ऑनेस्टली, तो बंदूक पोलीसला दे ना. दे विल क्रश इट. फिनिश."

"ती बंदूक, निखिल. आणि बाबांची शेवटची इच्छा आहे ती."

"डॅडचा इच्छा ओके, बट मी त्याला टच नाही करणार. माझा जॉब आहे, माझी मुलं आहे."

जशी काही मला नोकरी नव्हती आणि माझी मुलं झाडाला लागली होती!

वॉटफर्ड, बुधवार सकाळ

विकतचं श्राद्ध घेऊन सव्यापसव्य कसं करतात ते शिकायचं असेल तर या देशात मेलेल्या माणसाची बंदूक हलवून बघा. माणूस गेला की त्याचा परवानाही त्याच्याबरोबर जातो. मग वारसदाराला पोलिसांकडून ठरावीक मुदतीचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. माझा परवाना शुक्रवारी संपत होता. शुक्रवारच्या आत बंदुका अ‍ॅलिस्टरच्या हातात, नाहीतर पोलिसांच्या, आणि तिथून यंत्राखाली. अ‍ॅलिस्टरच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तो येऊ शकत नव्हता. बंदुकांचा परवानाधारक व्यापारी पैसे घेऊन हे काम करतो, असं मी सुचवलं, तर मामी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मामी स्वतः बरोबर येणार होत्या. वय त्र्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण "मी येणार" म्हटलं की येणार.

परवाना खात्यातला अधिकारी भला माणूस होता, हे सांगायला हवं. त्यानं घरी येऊन सगळं समजावलं. बंदुकीचे तीन भाग सुटे करायचे: दस्ता, नळ्या आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा. सगळं पेटीत, पेटी डिकीत, वरून पांघरूण. निघण्यापूर्वी नळ्या उजेडाला धरून आरपार बघायच्या. वाटेत गाडी सोडून जावंच लागलं तर तो लाकडी तुकडा स्वतःजवळ घेऊन जायचा, म्हणजे गाडी कुणी पळवली तरी त्याच्या हाती अर्धवट बंदूक लागेल.

"आणि मामी गाडीत बसल्या तर?" मी विचारलं.

"परवान्यावर त्यांचं नाव नाही. त्यांना बंदुकांपाशी एकटं सोडू नका."

ऐका आता! चाळीस वर्षं ज्या बाईनं बंदुका ठेवायच्या लोखंडी कपाटावरची धूळ पुसली, तिला त्या बंदुकांशेजारी दहा मिनिटं एकटीनं बसायची मुभा नाही. आणि मी, जिला नळी कुठली आणि दस्ता कुठला हे दाखवून द्यावं लागलं, ती कायदेशीर मालकीण. मामींनी अधिकाऱ्याला दुसरा कप चहा दिला.

निघायच्या सकाळी मी कपाट उघडलं, पेटी पाटावर ठेवली, आणि मामींनी पूजा मांडली. मामा दर खंडेनवमीला स्टेथोस्कोप आणि दोन्ही दुनळ्या मांडून हळद-कुंकू वाहायचे. आता बंदुका घर सोडणार म्हणून मामींनी ते करायचं ठरवलं. मी तेवढ्यात कागदांची फाइल तिसऱ्यांदा तपासत होते. मग पेटी बंद केली, कुलूप लावलं, मामींनी हातावर दही ठेवलं आणि आम्ही निघालो. फाइलवर माझा एवढा जीव की नळ्या उजेडाला धरायच्या साफ राहून गेल्या.

एका सर्व्हिसेसमध्ये, बुधवार दुपार

एम-वन या हमरस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. यॉर्कशायरमध्ये एका सर्व्हिसेसला, म्हणजे रस्त्यावरच्या विसाव्याला, थांबलो, कारण थांबणं भाग होतं. गाडीला कुलूप लावलं, मामींना बरोबर घेतलं, आणि दोन्ही दुनळ्यांचे लाकडी तुकडे पर्समध्ये घालून मी बायकांच्या टॉयलेटमध्ये गेले.

हात धुतल्यावर रुमाल सापडेना, म्हणून पर्समधलं सामान बेसिनच्या कडेला काढून ठेवलं. शेजारी लिपस्टिक लावत असलेल्या एका बाईनं गोड आवाजात विचारलं, "हे किती सुंदर कोरीव काम आहे! काय आहे हे?"

मी खरं सांगितलं. हा शॉटगनचा भाग आहे, बाकीची बंदूक गाडीत आहे, आणि कायद्यानं हा तुकडा मला जवळ ठेवावा लागतो. कायद्याचं सगळं तिला नीट समजावणार होते, पण ती तोवर निघून गेली होती. लिपस्टिक तिथेच विसरली.

मी तर म्हणते, चूक माझीच. पण ही चूक आपल्याच माणसाकडून होते. इकडे येऊन कागद जमवता जमवता आपला असा समज होऊन बसतो की सगळे कागद पूर्ण असले की कुणाला काहीही सांगावं.

डिकीतून दशम्यांचा डबा काढला, तेवढ्यात पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. एका गाडीतून उतरलेल्यांच्या छातीवर बंदुका होत्या. "हात दिसतील असे ठेवा. गाडीपासून लांब. नको, गाडीवरच ठेवा." आणि मामींना, "मॅडम, हातातलं खाली ठेवा."

"इट इज चटणी," मामी म्हणाल्या.

"खाली ठेवा, प्लीज."

प्लीज! तो 'प्लीज' माझ्या डोक्यात गेला. आरडाओरडा केला असता तर मलाही ओरडता आलं असतं. पण नाही, प्रत्येक वाक्याला मॅडम, प्रत्येक हुकमाला इफ यू वुडन्ट माइंड. त्र्याहत्तर वर्षांची बाई, अंगात करडा कार्डिगन, दुखरे गुडघे, तिला वाऱ्यात उभी करून ठेवायची आणि वर सौजन्य! लंडनमधले स्फोट होऊन वर्षच झालं होतं, लोक घाबरलेले होते, हे मला कळतं. मीही घाबरले होते. माझंही लंडनला नेहमी जाणंयेणं होतं.

सार्जंटनं फाइल घेतली आणि फोन लावला. परवाना खरा, नंबर खरे, मी खरी. सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच पेटी उघडून बसलेल्या तरुण पोलिसानं आवाज दिला, "सार्ज, चेंबरमध्ये काहीतरी आहे."

सगळे दोन पावलं मागे सरले. काडतूस घालतात त्या जागी काहीतरी बसलेलं. मी टपावर हात ठेवूनच मान वळवली. "मामी?"

"सुपारी आहे," मामी शांतपणे म्हणाल्या. "गणपती म्हणून ठेवलीय. वाटेत विघ्न नको."

"अहो मामी, हेच तर विघ्न!"

"काय म्हणतायत त्या?" सार्जंटनं विचारलं.

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? पूजेला मूर्ती नसेल तर सुपारी मांडतात, तिलाच गणपती म्हणतात, हे सगळं हात टपावर ठेवून? मी म्हटलं, "ते एक फळ आहे. आणि ते देव आहे."

"दोन्ही?"

"सध्या, हो."

"त्याला म्हणावं, बॉनेटवर ओतू नकोस," मामी मराठीतून बजावत होत्या. "माझ्या हातात दे." मी भाषांतर केलं. सार्जंटनं नळी तिरकी केली आणि सुपारी मामींच्या ओंजळीत पडली. मग पेटीतलं कुंकू आणि अक्षता यांचे फोटो काढण्यात आले. मी खजील झाले होते आणि भडकलेही होते. चेंबर तपासायचं काम माझं होतं आणि त्याबद्दल सार्जंटनं मला चार शब्द सुनावले. ते चार शब्द मी मुकाट्यानं ऐकून घेतले.

पण पुढचं नाही. आमच्या शेजारी चिखलानं माखलेली एक लँड रोव्हर येऊन थांबली. हिरवं जाकीट, मागच्या सीटवर लॅब्रेडॉर. त्या गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "काही भानगड आहे का, ऑफिसर? माझ्याही मागे तीन बंदुका आहेत, माळावर शिकारीला चाललोय." आणि कातडी खोळीवर थाप मारून दाखवली. सार्जंट हसला. "शुभेच्छा, सर." कागद? फोन? नळ्या? काही नाही. तो माणूस जाऊन कॉफी घेऊन आला, आणि माझे हात अजून टपावरच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सार्जंटला विचारलं, "त्यांच्या बंदुका कुणी बघणार नाही का?"

"मॅडम, त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

बरोबरच आहे. त्यांच्याबद्दल तक्रार कोण करणार?

सीमेच्या अलीकडे, बुधवार संध्याकाळ

पुढचे शंभर मैल मी एकटीच बोलत होते. मामी दशम्या मोडून मला भरवत होत्या आणि "हं" म्हणत होत्या. नॉर्दम्बरलंडमध्ये एका बीअँडबीत, म्हणजे घरगुती उतारागृहात, खोली घेतली होती. मालकीणबाई साठीच्या, पीठ लागलेले हात. पुन्हा खरं सांगायचं की नाही, या विचारानं मला दारातच घाम फुटला. शेवटी सांगितलं.

"शॉटगन होय? पलंगाखाली ठेव आणि दाराला कडी घाल, पेट," त्या म्हणाल्या. पेट म्हणजे तिकडच्या बोलीत बाळा. "आणि तुम्ही मांस खात नाही ना? मशरूम चालतील?"

मी तिथेच रडले. कुणीतरी साधं बोललं की असं होतं. बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि वर लोणी थापलेला गरम स्कोन दिला. बेकरीत मिळतो तो स्कोन आणि हा, यांचा काही संबंध नाही. सकाळच्या ब्रेकफास्टला मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि बटाट्याची कापं होती. मामींनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी बाईंना वाढली. बाईंनी ती टोस्टवर पसरून खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितली.

गुरुवारी वर चढत गेलो. आता तो निसर्ग. कार्टर बार म्हणून खिंड आहे, तिथे रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड उभा आहे. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड. समोर एकामागे एक डोंगर, अंगावर गवत सोडून काही नाही, आणि हेदरच्या झुडपांचा जांभळा बहर ओसरत चाललेला. चेकनाका नाही, शिपाई नाही. मी गाडीला टेकून उभी राहिले, कारण लांब जायची सोय नव्हती. मामी मात्र दगडापाशी गेल्या, त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मी विचारलं, "मामा आठवले का?" त्या म्हणाल्या, "वारा फार आहे. चल."

अ‍ॅलिस्टरचं घर, गुरुवार

अ‍ॅलिस्टर दारात काठी टेकून उभा होता. उंच, वाळलेला, ऐंशीच्या घरात. त्यानं मामींचा हात दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, चला, एवढ्या अपमानाचं चीज झालं. मामांचा मित्र मामांसारखाच निघाला. त्यानं चहा केला, शॉर्टब्रेडची बिस्किटं मांडली, मी तुटून पडले. मामींनी कप उचलला नाही. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं.

पेटी उघडल्यावर त्यानं जुनी दुनळी उचलली. "ही माझ्या वडिलांची. डॉक्टरला मीच विकली होती."

भिंतीवर त्यांच्या गन क्लबचे फोटो होते, दर वर्षाचा एक. ट्वीडच्या कोटांतली माणसं, हातावर बिजागरीत उघडलेल्या बंदुका. मी एकेक फोटो बघत गेले. अ‍ॅलिस्टर तरुण, अ‍ॅलिस्टर जाड, अ‍ॅलिस्टर पांढऱ्या केसांचा. "यात मामा कुठे आहेत?" मी विचारलं.

"डॉक्टर मेंबर नव्हता."

"चाळीस वर्षं येत होते ना?"

"पाहुणा म्हणून. दर वेळी मी सही करायचो."

आणि मग त्यानं सांगितलं. मामींकडे न बघता, किटलीकडे बघत. डॉक्टरचं नाव क्लबच्या मतदानाला तीनदा गेलं होतं. नियम असा की एक मत विरोधात पडलं तरी नाव बाद. पहिल्यांदा कुणी पाडलं, दुसऱ्यांदा कुणी, ते त्याला माहीत होतं.

"तिसऱ्यांदा पाडलं ते मी. मला सेक्रेटरी व्हायचं होतं. भारतीय माणूस आत आणला असता तर मला ती मतं मिळाली नसती." तो थांबला. "पाच वर्षांनी मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे, आता बाहेर पडायचं की नाही? उजेड चाललाय."

टपावर हात ठेवून वीस मिनिटं उभं राहून जो राग आला होता तो या रागापुढे काहीच नव्हता. तिकडे निदान अनोळखी माणसं होती. मी पेटी ओढून झाकण लावलं. माझा परवाना शुक्रवारपर्यंत होता. बंदुका जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या असत्या, यंत्राखाली गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण या माणसाच्या हाती? मी इंग्रजीतून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अ‍ॅलिस्टर ऐकत राहिला. एका शब्दानंही त्यानं स्वतःची बाजू मांडली नाही, आणि त्याचा मला आणखीच राग आला.

"मंजिरी, खाली बस," मामी म्हणाल्या.

"मामी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं. बस. आणि लिही."

देणाऱ्यानं बंदुकीची नोंद घेणाऱ्याच्या परवान्यावर स्वतःच्या हातानं करायची असते. ज्याचा संताप आला, त्याच्याच कागदावर मला सुवाच्य अक्षरात लिहायचं होतं. कंपनीचं नाव, नळीचं माप, नंबर, तारीख, सही. दोनदा. अ‍ॅलिस्टरनं पेन पुढे केलं. मी माझं वापरलं. पर्समधून ते दोन लाकडी तुकडे काढून टेबलावर ठेवले, त्यानं ते बसवले, आणि बंदुका पुन्हा बंदुका झाल्या.

मामी उठल्या. अ‍ॅलिस्टर त्यांच्या कपाकडे बघत म्हणाला, "तुम्ही चहाला हातही लावला नाहीत. दुसरा करू? पाणी तरी?"

"नको," मामी म्हणाल्या. चाळीस वर्षं इंग्लंडात काढलेली बाई, 'नो' नंतर 'थँक यू' म्हणायची विसरत नाही. त्या म्हणाल्या नाहीत.

गाडीत बसून मी पट्टा लावला, पण किल्ली फिरवेना. "मामांनी त्याला खरंच माफ केलं होतं?"

"केलं होतं. म्हणून तर बंदुका त्याला दिल्या."

"आणि तुम्ही?"

मामींनी कार्डिगनची बटणं लावली. "मला कधी कुणी विचारलंच नाही. त्या दोघांनी आपापसात मिटवलं आणि सकाळी रबरी बूट घालून निघून गेले. मी मागे बसून त्याच्या बायकोबरोबर बटाटे सोलत होते, दर वर्षी." मग त्या समोर बघत म्हणाल्या, "मी नाही केलं. आता चल लवकर. मला चहा हवाय."